लांडगेमाळावरची दशमी-छाया

लांडगेमाळावर गेल्या तीस वर्षांत कुणी लांडगा पाहिला नव्हता. ज्यांनी पाहिला असं सांगितलं, त्यांचा लांडगा दर खेपेला वीतभर वाढत अखेर घोड्याएवढा झाला आणि मग लाजून कुठंतरी निघून गेला. आता जत तालुक्यातल्या त्या उजाड माळावर सौरपट्ट्यांचा निळा समुद्र पसरला होता. वरून जाणारी बदकं पाणी समजून उतरायची, पायाला चटका बसला की शिव्या घालत उडायची. बदकाची शिवी कशी असते हे बिरू सरगरला विचारावं. त्याला सोळा पाठ होत्या.

बिरू सरगर हा या समुद्रावरचा सगळ्यात लहान नोकर आणि सगळ्यात मोठा माणूस. पूर्वी याच माळावर त्याची दोनशे मेंढरं चरायची. माळ गेला, मेंढरं गेली, आणि बिरूच्या हातात कातरीऐवजी एक मऊ फडकं आलं. काम एकच. माळाच्या मधोमध सिमेंटच्या ओट्यावर एक मापक बसवला होता, त्याची काच रोज सूर्य उगवायच्या आत पुसायची. पट्ट्या पुसायला यंत्रं होती. मापकाला मात्र माणूसच लागायचा.

मापक दिसायला साधा. काळी तबकडी आणि तिच्यावर पालथी घातलेली दुहेरी काचेची वाटी, आपल्या आमटीच्या वाटीएवढी. तबकडीवर ऊन पडलं की ती तापते, किती तापली त्यावरून बारीकशी वीज तयार होते, आणि त्या विजेवरून कळतं की या क्षणी या जागेवर सूर्य किती देतोय. शेजारी आभाळाकडे डोळा लावून बसलेला एक कॅमेरा होता. हा दर मिनिटाला ढगांचा फोटो काढायचा, फोटोचे आकडे करायचा आणि फोटो फेकून द्यायचा. मापकाचे आकडे, कॅमेऱ्याचे आकडे आणि उपग्रहाला वरून दिसणारे ढग असं सगळं एका यंत्राच्या पोटात जायचं. कागदोपत्री त्याचं नाव ‘सौरवेध प्रणाली’. माळावर सगळे त्याला जोशीबुवा म्हणत, कारण त्याचं काम भविष्य सांगायचं.

आणि भविष्यही कसं? दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे शहाण्णव तुकडे. उद्याच्या प्रत्येक तुकड्यात ऊन किती आणि वीज किती, हे जोशीबुवा आदल्या दिवशी सांगायचा. त्याच्या शब्दावर कुठल्या गावचे पंप कधी चालायचे, कुठला कारखाना कधी थांबायचा हे ठरायचं. शब्दापेक्षा कमी वीज दिली तरी वरून खरडपट्टी, जास्त दिली तरी खरडपट्टी. म्हणून माळाच्या यंत्रणेला आपोआप लगाम बसवलेला होता. जोशीबुवानं शंभर सांगितले असतील तर शंभराच्या वर एक कण बाहेर जायचा नाही, मग वर सूर्य कितीही नाचो.

राज्यभरात असे एकशे बेचाळीस मापक होते. पण बाकीच्यांवर धूळ, कोळ्यांची जाळी, कबुतरांची कृपा. काच आरशासारखी असायची ती एकट्या बिरूची. बायकोच्या, मायाक्काच्या, जुन्या पातळाचं फडकं, शुद्ध पाणी, आणि हात एकाच दिशेनं. म्हणून जोशीबुवानं प्रत्येक मापकाला विश्वासाचे गुण दिले तेव्हा लांडगेमाळाला शंभरात नव्व्याण्णव पडले. एक गुण हातचा राखला असेल. दुसरा मापक वेगळं काही सांगू लागला, तर जोशीबुवा लांडगेमाळाचं ऐकायचा आणि त्या दुसऱ्याचा आकडा दुरुस्त करून टाकायचा.

बिरूला या गुणांचा पत्ता नव्हता. त्याला फक्त माहीत होतं की यंत्र आपल्याला ओळखतं. आणि त्याला कारणही तसंच घडलं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माळावरच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर देवयानी तांडेल एके दिवशी दुपारी तरातरा ओट्याशी आल्या. देवयानी रेवदंड्याची, कोळ्याची पोर. तिचा बाप आभाळ बघून होडी पाण्यात घालायची की नाही ते सांगायचा. पोरीनं तोच धंदा मोठ्या यंत्रावर मांडला होता.

“बिरूकाका, काच पुसली होती ना?”

“मॅडम, काच न्हाई पुसली तर मला भाकर गोड लागंल का?”

“मग जोशीबुवा का म्हणतोय की दोन महिने झाले, दुपारनंतर मापक जरा कमी दाखवतोय? सकाळी बरोबर, दुपारी कमी.” तिनं वाकून पाहिलं. वाटीची पूर्वेकडची बाजू लखलखीत आणि पश्चिमेकडच्या बाजूवर धुळीचा पापुद्रा. ती सावकाश वळली आणि तिनं बिरूच्या डाव्या अंगाला हात वर केला. “काका, ही किती बोटं?”

“कुठली बोटं?” बिरू म्हणाला.

तिनं त्याला त्याच आठवड्यात मिरजेला नेलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, उजव्यात पिकायच्या बेतात होता. दोन्ही डोळ्यांची एकामागून एक शस्त्रक्रिया झाली, आणि वर धूळ वर्ज्य म्हणून दीड महिना माळबंदी. देवयानी दर रविवारी जीप घेऊन घरी यायची आणि डोळ्यांत थेंब घातले का म्हणून त्याला पोरासारखी रागवायची. परत आल्यावर बिरूनं माळ पाहिला तर त्याला वाटलं, कुणीतरी आख्ख्या माळालाच फडकं मारलंय. वाटेत जो भेटेल त्याला सांगायचा, “डाक्टरला दिसायच्या आदी त्या यंत्राला माझा मोतीबिंदू दिसला. बारा कोस आभाळ बघतंय, आन त्यात माझा डोळा बगितला त्यानं!”

असल्या माणसाला दसऱ्याला काय करावंसं वाटेल?

धनगराच्या घरात दसऱ्याला कातर पुजतात, काठी पुजतात. बिरूचा बाप पुजायचा, आजा पुजायचा. बिरूकडे आता कातर नव्हती, मापक होता. नोकरीच्या पहिल्याच दसऱ्याला त्यानं ठरवलं की आपलं हत्यार हे. दसऱ्याला माळावर चिटपाखरू नसायचं. सगळे साहेबलोक आपापल्या गावी, देवयानी रेवदंड्याला. बिरू एकटाच. तो सकाळी काच पुसायचा, मग आंघोळ करून पुन्हा वर यायचा, वाटीवर बिरोबाचा भंडारा उधळायचा, कुंकवाचं ठसठशीत बोट ओढायचा आणि झेंडूची माळ गुंडाळायचा. कॅमेऱ्यालाही एक लहान माळ, तो तरी का रुसावा? संध्याकाळी सोनं वाटून झालं की सगळं उतरवून काच पुन्हा लख्ख. डोळे परत मिळाल्यापासून तर माळेचे वेढे एकाचे तीन झाले होते. उपकार का एका वेढ्यात मावतात?

असे नऊ दसरे गेले. त्यातला मिरजेचा तेवढा हुकला.

दहाव्या दसऱ्याला आठ दिवस होते. देवयानीनं बिरूला प्रयोगशाळेत बोलावलं, समोर बसवलं, स्वतः चहा ओतून दिला. तिचे डोळे असे चमकत होते की बिरूला वाटलं, बाईंचं लग्न ठरलं.

“काका, ही बातमी अजून बाहेर नाही. पण माळ तुमचा, म्हणून पहिली तुम्हाला सांगते. आपल्या लांडगेमाळानं एक शोध लावलाय.” तिनं पडद्यावर एक रेघ दाखवली. डोंगरासारखी चढणारी, दिवसभराच्या उन्हाची रेघ. “ही रोजची. आणि आता ही बघा.” दुसरी रेघ डोंगर चढता चढता एकदम कड्यावरून पडल्यासारखी खाली आली, दिवसभर खालीच सरपटली आणि संध्याकाळी पुन्हा वर उडाली. “वर्षातून एकाच दिवशी सूर्य असा मंदावतो. पहिल्या वर्षी जोशीबुवानं बिघाड म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी तारीख वेगळी, म्हणून पुन्हा सोडलं. तिसऱ्या वर्षी त्याला वास आला. त्यानं सगळी पंचांगं उलथीपालथी केली. तारीख बदलते, पण तिथी बदलत नाही! आश्विन शुद्ध दशमी. दर वर्षी. मी तिला नाव दिलंय, दशमी-छाया.”

बिरूनं बशी तोंडाला लावली होती. ती तिथंच राहिली.

“चंद्राचा काही परिणाम असेल, वरच्या हवेतल्या धुळीचा असेल. कॅमेऱ्याला तर त्या दिवशी केशरी ढग दिसतात, केशरी! गेल्या तीन वर्षांत छाया दुप्पट गडद झालीय. आणि नुसता मापकच नाही, माळाची वीजसुद्धा त्या दिवशी बरोब्बर तेवढीच कमी निघते. म्हणजे दोन साक्षीदार झाले.”

“किती वाजता पडती म्हनला ही छाया?” बिरूनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

“सात चाळीस. घड्याळ लावावं तशी. फक्त पाचव्या वर्षी सव्वानऊला पडली. त्यावर मी बावीस पानं लिहिलीत.”

पाचव्या वर्षी बिरूच्या फटफटीचं चाक जतच्या बाजारातून झेंडू आणताना पंक्चर झालं होतं.

“आन... येकादं साल चुकलं आसंल की?”

“चुकलं ना! तुम्ही मिरजेला होतात तेव्हा. मापकानं छाया दाखवलीच नाही. पण वीज कमीच निघाली होती. म्हणजे मापक चुकला. तुमच्याऐवजी कुणीतरी पुसत होतं, मग काय भरवसा? तो आकडा मी गाळून टाकला.” ती हसली. “या दसऱ्याला मी घरी जाणार नाही. पुण्याहून हेर्लेकर सरांची समिती छाया बघायला येतेय. त्यांनी मान्य केलं की दशमी-छाया देशातल्या प्रत्येक जोशीबुवाच्या पोटात जाईल. तीन वर्षं मी दुसरं काही केलं नाही, काका.”

बिरू उठला. “चा लई गोड व्हता,” एवढंच म्हणाला. चहात देवयानी साखर घालायची विसरली होती.

घरी आल्यावर त्यानं मायाक्काला सगळं सांगितलं. दिवस मावळतीला आला होता, ती अंगणात शेंगा फोडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

“म्हंजी सूर्व्याला गिराण लावलंय ते तुमी?”

“हळू बोल की.”

“हळू काय? अवो, सा वर्सं झाली, दसऱ्याला नळाला पानी न्हाई! जोशीबुवा म्हनतोय आज ऊन कमी, म्हनून पंप बंद. सासवा नव्या सुनांस्नी शिकिवत्यात की खंडेनवमीला पानी भरून ठेवायचं, रीत हाय म्हनून! गेल्या दसऱ्याला मी हिरीवरनं सा घागरी आनल्या, कंबर धरली, तुमी शेकून दिली. आन ती रीत तुमच्या भंडाऱ्यातनं निघाली व्हय?”

बिरू मान खाली घालून शेंगा फोडू लागला. फोलपटं तोंडात आणि दाणे खाली, असं चाललं होतं.

“मी काय म्हनतो,” तो जरा वेळानं म्हणाला, “पुण्याचं सायेब येनार सव्वासातला. मी सातच्या आदी जाऊन नुसती बारीक पूड मारीन काचंवर. लांबनं दिसायची न्हाई. छाया पडंल, मॅडमचं नाव हुईल. त्यांनी माझं डोळं आनलं मायाक्का, मी त्यास्नी येवढीशी सावली दिऊ नको?”

मायाक्कानं सूप बाजूला ठेवलं.

“तिनं तुमच्या डोळ्यावरचा पडदा काढला,” ती म्हणाली, “आन तुमी तिच्या डोळ्यात भंडारा टाकनार. चांगली फेड हाय.”

पुढचे सात दिवस बिरूनं काच इतकी पुसली की ती झिजायची बाकी राहिली. दर सकाळी तो ठरवायचा आज सांगू, आणि देवयानी दिसली की विचारायचा, “मॅडम, जेवला का?” खंडेनवमीच्या दुपारी तिनंच वैतागून विचारलं, “काका, सकाळी साडेसहाला कोण जेवतं? सात दिवस तुम्ही मला तेच विचारताय. काय झालंय?”

ती ओट्याजवळ उभी होती, उद्याची तयारी बघत. बिरूनं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. तेवढा एक नवस-सायास सोडला तर त्यानं पटका कधी उतरवला नव्हता.

“मॅडम, ती पाचव्या सालची बावीस पानं...”

“हां?”

“ते पंक्चर व्हतं.”

मग त्यानं सगळं सांगितलं. भंडारा, कुंकू, माळ, संध्याकाळी उतरवणं. डोळे परत मिळाल्यावर वाढलेले वेढे. कॅमेऱ्याची लहान माळ. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला, “त्यो केशरी ढग जतच्या बाजारातला हाय, मॅडम.”

देवयानी ओट्याच्या पायरीवर बसली. निळ्या समुद्राकडे कितीतरी वेळ बघत राहिली. बिरूला वाटलं, ओरडली असती तर बरं. अखेर तिनं विचारलं, “हे मला का सांगितलंत? उद्या गुपचूप केलं असतंत तर मला कधी कळलं नसतं.”

“मनात आलं व्हतं,” बिरू म्हणाला. “पर ज्या डोळ्यानं तुमच्याकडं बघायचं त्यो तुमीच दिल्याला. त्यानं खोटं कसं बघू?”

ती उठली आणि तडक प्रयोगशाळेत गेली. बिरू पटका हातात घेऊन तसाच उभा. त्यानं फडक्याची घडी करून ओट्यावर ठेवली. उद्यापासून हे दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असणार, हे तो धरूनच चालला होता. अर्ध्या तासानं आत खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि देवयानी धावत बाहेर आली.

“काका! मापकाचं कळलं. भंडारा. पण वीज? पट्ट्यांना तर तुम्ही माळ घातली नव्हती ना?”

“चार लाख पट्ट्या हायत्या, मॅडम. तेवढा झेंडू जतला मिळत न्हाई.”

“मग वीज का कमी निघाली? तुम्ही मिरजेला होतात, माळावर चिमूटभर भंडारा नव्हता, तरी वीज कमी. का?” ती त्याला विचारत नव्हतीच. स्वतःलाच विचारून स्वतःच उत्तर देत होती. “लगाम! जोशीबुवा म्हणतो उद्या ऊन कमी. म्हणून यंत्रणा आपोआप लगाम लावते. वीज कमी निघते. आणि जोशीबुवा ती कमी वीज बघून म्हणतो, बघा, मी म्हटलं नव्हतं? तो आपलाच शब्द ऐकून आपलाच पुरावा तयार करत होता. आणि मी, शहाणी, त्या वर्षाचा एकमेव खरा आकडा गाळून टाकला!”

ती हसायला लागली. मग हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं हसण्याचं किती आणि तीन वर्षांचं किती, हे मोजणारा मापक माळावर नव्हता.

“पटका घाला आधी,” ती डोळे पुसत म्हणाली. “उद्या झेंडू किती आणणार आहात?”

“छे छे, मॅडम! आता न्हाई.”

“आणायचा. तीन वेढे. सात चाळीसला. आणि चाकात हवा भरून ठेवा.”

दसऱ्याला सकाळी सव्वासातला हेर्लेकर सरांची समिती आली. सर वयानं सत्तरीचे, आवाजानं तिशीचे. पायऱ्या चढता चढता म्हणाले, “तांडेलबाई, सूर्य पंचांग बघून उगवतो हे आमच्या आजीला ठाऊक होतं. ती समितीत नव्हती एवढंच.” सोबतच्या दोघांनी आपापले हातातले मापक काढून ओट्याभोवती मांडले. पडद्यावर रेघ चढत होती. दोनशे चाळीस, दोनशे पन्नास. सात एकोणचाळीसला दोनशे साठ.

“काका,” देवयानी म्हणाली.

बिरू नव्या धोतरात पुढं आला. एवढ्या माणसांपुढं त्यानं कधी पूजा केली नव्हती. पण वाटीवर भंडारा पडला तसा त्याचा हात आपोआप चालू लागला. त्यानं कुंकवाचं बोट ओढलं, माळेचे तीन वेढे घातले, आणि समितीला विसरून दर दसऱ्यासारखं ओट्यावर डोकं टेकवलं. पडद्यावरची रेघ कड्यावरून खाली आली. ऐंशी. बाकीचे दोन्ही मापक शांतपणे दोनशे साठ सांगत होते.

“ही दशमी-छाया,” देवयानी म्हणाली. “सर, माझा शोध चुकला. पण त्याच्याखाली दुसरा सापडलाय, तो जास्त वाईट आहे.” मग तिनं पाच मिनिटांत सगळं मांडलं. एका मापकावरचा आंधळा विश्वास, शब्द खरा करायला लावलेला लगाम, आणि गाळलेलं खरं. “सर, हा जोशीबुवा खोटं बोलत नाही. आपणच त्याचा शब्द राखायला सूर्य झाकतो. आणि हे देशभर कुठं कुठं चाललंय, कुणाला माहीत? तिथं बिरूकाका नाहीत सांगायला.”

हेर्लेकर सरांनी वाकून माळेचे वेढे मोजले. सोबतच्या एकानं घसा खाकरून म्हटलं, “सर, म्हणजे या गृहस्थांनी नऊ वर्षं उपकरणात ढवळाढवळ...”

“अहो, थांबा,” सर म्हणाले. “उपकरणांची पूजा कुणी करत नाही म्हणून एकशे एक्केचाळीस मापकांवर कबुतरं बसतात. यांनी केली म्हणून निदान आपल्याला चूक सापडली.” मग बिरूकडे वळून, “काय हो, तुम्हाला हे सांगताना भीती नाही वाटली?”

“वाटली की,” बिरू म्हणाला. “पर मायाक्काची जास्त वाटती.”

सर असे हसले की शेजारच्या पट्ट्यांवर बसलेलं बदक उडालं. उडताना त्यानं जे म्हटलं ते बिरूला कळलं, पण त्यानं ते समितीला सांगितलं नाही.

देवयानीनं मग वरच्या कचेरीला फोन लावला. समितीच्या शब्दावर पंधरा मिनिटांत लगाम उतरला. बिरूनं माळ काढली, मायाक्काच्या पातळाचं फडकं पाण्यात बुडवून काच पुसली, एकाच दिशेनं. रेघ पुन्हा डोंगर चढू लागली. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा दसऱ्याच्या दिवशी लांडगेमाळानं पोटभर वीज ओतली. खाली चाळीस गावांचे पंप एकदम धडधडले. मायाक्का अंगणात भरलेल्या घागरी मोजत बसली होती. नळ आधी खाकरला, मग शिंकला, मग त्यानं असं पाणी सोडलं की दारातली रांगोळी शेजारणीच्या दारात गेली. भांडण लागायचं, पण दोघी पाण्याकडे बघत राहिल्या. मायाक्कानं नळालाच हळदकुंकू लावलं. “काचेची वाटी न्हवं ह्यो,” ती म्हणाली, “ह्येला लावलं तर कुनाचा सूर्व्य जात न्हाई.”

संध्याकाळी बिरू आपट्याची पानं घेऊन प्रयोगशाळेत गेला. देवयानीच्या हातात सोनं ठेवलं. ती वयानं लहान, तरी त्यानं वाकायचा प्रयत्न केला. तिनं खांदे धरून थांबवलं आणि स्वतः वाकली. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, आणि तेवढ्यावर आभार मानणं आटोपलं.

देवयानीचं नवं संशोधन पहिल्यापेक्षा मोठं ठरलं. ठिकठिकाणच्या जोशीबुवांचे लगाम तपासले गेले, आणि असं म्हणतात की कुठल्या कुठल्या राज्यांतून आठ अमावास्या, तीन ग्रहणं आणि एक आख्खा उन्हाळा खोटा निघाला. मापकांना विश्वासाचे गुण देताना शंका घेणाऱ्या शेजाऱ्यांनाही गुण मिळू लागले. बिरूचं फडकं बिरूच्याच हातात राहिलं. आणि ऊन कमी पडण्याच्या कारणांची जी अधिकृत यादी असते, ढग, धूळ, धुकं, धूर, पक्षी, तिच्यात एक नवं कारण आलं. पूजा. वर्षातून एकदा, पाच मिनिटं, मंजूर. दूरदूरचे इंजिनियर विचारतात हे काय प्रकरण आहे, आणि देवयानी त्यांना लांडगेमाळाला येऊन बघायला सांगते.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी जोशीबुवाचा कागद निघाला. देवयानी तो घेऊन आली. “काका, बघा. यंदा तुमचीही वेळ वर्तवलीय त्यानं. ढग नाही, धूळ नाही. पूजा, सात बावन्न ते सात सत्तावन्न.”

“बावन्न?” बिरूला राग आला. “चाळीसची माझी वेळ. दहा वर्सांत येकदा पंक्चर झालं तर तेवढंच धरून बसलंय व्हय! उद्या दावतोच.”

दसऱ्याला त्यानं चाकं दोनदा तपासली, झेंडू आदल्या दिवशीच आणून ठेवला होता, आणि सात पस्तीसला ओट्यावर हजर. काच लख्ख, भंडाऱ्याची पिशवी हातात, माळ खांद्यावर. सात चाळीस झाले. बिरूचा हात उचलला गेला, आणि वाटीजवळ जाऊन थांबला. काचेत त्याला आपले दोन डोळे दिसले, दोन्ही स्वच्छ.

तो पायरीवर बसला. बारा मिनिटं बसला. देवयानी खिडकीतून बघत होती, ती बाहेर आली.

“काका, हे काय? त्याचा शब्द राखायला थांबलात होय? अहो, हेच तर करायचं नाही! वर्षभर मी देशाला हेच सांगत फिरतेय!”

“या बारीला तेवढं राहू द्या, मॅडम,” बिरू म्हणाला आणि सात बावन्नला भंडाऱ्याची मूठ सोडली. “त्यानं माझा डोळा बगितला, मी त्याची लाज राखली. पुढल्या सालापासनं दोघंबी खरं बोलू.”